रुपयाचा बिल्ला

आमच्या गल्लीला नाव नव्हतं, नुसता नंबर होता. धुळ्यात तशीच पद्धत. त्या गल्लीत माणसं पुष्कळ, बैलगाड्या पुष्कळ, कुत्रा मात्र एकच. तो कोणाचा, हे कोणी कधी विचारलं नव्हतं, कारण विचारायची वेळच आली नव्हती. काळाकुट्ट अंग, डावा कान मोडका, छातीवर पांढरा ठिपका आणि चेहऱ्यावर असा भाव की ही गल्ली आपल्याच जिवावर चालली आहे. सकाळी जिनिंगचा भोंगा वाजला की तो उठायचा आणि घरोघर हजेरी द्यायला निघायचा. पहिलं घर आमचं. तो ओट्यासमोर येऊन बसला की अक्का आतूनच म्हणायची, "उना वाटतं बाळ्या," आणि अर्धी कळण्याची भाकरी ताकात कुस्करून बाहेर यायची. दुसरं घर समोरच्या काकूंचं. त्या सावद्याच्या, त्यांच्या माहेरून केळीचे घड यायचे, आणि त्यांच्या दारात हा मोत्या व्हायचा. तिसरं घर कोपऱ्यावरच्या मास्तरांचं. मास्तर एकटे राहत आणि शाळेत इतिहास शिकवत, म्हणून तिथे त्याचं नाव विक्रम. संध्याकाळी माझे वडील शेतातून गाडी घेऊन आले की तो गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत गाडीबरोबर चालत यायचा, आणि वडील त्याला म्हणायचे फुकट्या. चारही नावांना तो सारखीच शेपटी हलवी. पुढ्यात काय पडतंय तेवढंच तो बघत असावा.

वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. तापट माणूस, पण ताप सगळा आवाजात. अक्का ही त्यांची थोरली बहीण. लग्न होऊन वर्षभरात ती परत आली होती, आणि मला कळायला लागलं तेव्हा घरातली चूल, उतरंड, गायीचं दूध आणि नानांचा आवाज, सगळं तिच्याच ताब्यात होतं. नाना ओट्यावर कितीही गरजले तरी आतून अक्काने भांडं जरा जोरात ठेवलं की ते एकदम पाऊसपाण्याचं बोलू लागत. त्या उन्हाळ्यात माझी माय बाळंतपणाला पहूरला, तिच्या माहेरी गेली होती. घरात आम्ही तिघंच. मी अकरा-बारा वर्षांची असेन. अक्का दिवसभर लोकांचे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, करून द्यायची. ज्वारीचा चीक हाटताना तिच्या हातातल्या लाकडी हाट्याचा जो आवाज यायचा, तो अजून माझ्या कानात आहे; गरम चीक वाटीत घेऊन वर तेल घालून खायला मिळे, त्याची चवही अजून जिभेवर आहे. दात नाहीत ही गोष्ट वेगळी. चिकाला दात लागत नाहीत.

आता मुद्द्याचं सांगते. गावाच्या टोकाला ढोरांचा दवाखाना होता. शेतकऱ्याच्या बैलाला, गायीला, म्हशीला तिथे औषध फुकट. फुकट म्हटल्यावर नाना धडधाकट बैलसुद्धा महिन्या दोन महिन्यांनी नेऊन दाखवून आणत. "देखी ऱ्हायना तर काय बिघडनं?" असं म्हणत. पण कुत्रं आणि मांजर ही साहेब लोकांची हौस, अशी तिथली समजूत. त्यांना फी. आमच्याकडे कुत्र्याला जंत झाले की तो आपला जाऊन गवत खाई, गोचिड्या झाल्या की कोणीतरी राख चोळी, आणि मांजर आजारी पडलं तर ते कुठेतरी निघून जाई आणि एक तर बरं होऊन येई, नाही तर येत नसे. कुत्र्यावर पैसा खर्च करणं ही गोष्ट दारू पिण्याइतकी वाईट नसली तरी तितकीच लपवण्याजोगी होती. परवा माझा नातू त्याच्या मांजराला झाकणाच्या टोपलीतून दवाखान्यात घेऊन गेला. लस, जंताचं औषध आणि नखं कापणं. नखं कापायचे पैसे! मी त्याला म्हटलं, माझी कापून आण तेवढ्यात. त्याला वाटलं म्हातारी चिडली. चिडले नव्हते, हिशेबाच्या बाहेरचं काहीतरी आठवलं होतं.

झालं काय, होळी उलटली आणि गावच्या कमिटीने दवंडी दिली. उन्हाळ्यात कुत्री पिसाळतात, सबब ज्या कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला नसेल ते मंगळवारपासून मारलं जाईल. बिल्ला पाहिजे असेल तर ढोरांच्या दवाखान्यातून जंताची पुडी न्यावी, रविवारी सकाळी उपाशीपोटी कुत्र्याला द्यावी, सोमवारी कुत्रं आणून दाखवावं. सगळं मिळून एक रुपया, आणि दरसाल एक रुपया. रुपयात तेव्हा घराला आठवडाभर पुरेल एवढी ज्वारी येत असे. दवंडीवाला ढोलकं वाजवत पुढे गेला आणि त्याच्या मागोमाग आमचा कुत्रा शेपटी हलवत गेला, दोन गल्ल्या त्याला पोचवून परत आला.

त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतले बाप्ये बसले होते. नाना गरजले. "बैलले फुकट आन कुत्राले रुपया! वावर काय कुत्रा नांगरस का? असा रुपया देवापेक्षा पट्टा मी मनाच गयामा बांधी लेसू, आन गल्लीमा भुकत फिरसू!" सगळी गल्ली हसली. दुसऱ्या दिवशी हेच त्यांनी कापसाच्या बाजारात उभं राहून सांगितलं, आणि तिथेही लोक हसले. मास्तर म्हणाले, मुळात कर हा प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. समोरच्या काकू दाराआडून म्हणाल्या, "कुत्र्याले डाक्टर! आमच्या सावद्याले कोनी आयकलं त हासतीन." अक्का दाराच्या आत बसली होती. ती धान्य निवडत होती, आणि निवडता निवडता चांगले दाणेही खड्यांबरोबर फेकत होती. कुत्रा सगळ्यांच्या मधोमध आडवा होऊन झोपला होता. त्याच्या मरणाची चर्चा चालली आहे हे त्याला कोण सांगणार?

मी रडकुंडीला आले होते. मला भाऊ नव्हता, बहीण नव्हती, जे काय होतं ते पहूरला व्हायचं होतं. शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशी मला घ्यायला येणारं कोणी असेल तर तो होता. रात्री मी ताटावरून तशीच उठले. अक्काने माझी भाकरी झाकून ठेवली. दुसऱ्या दिवशी नाना शेतावर गेले तसं तिने मला माजघरात बोलावलं, हळदीच्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक रुपया बाहेर काढला. पिवळाधमक. बिबड्यांचे पैसे ती हळदीत ठेवते हे मला त्या दिवशी कळलं. "जाय दवाखानामा," ती म्हणाली. "पुडी लई ये. नाव इचारं तर कुत्रानं सांग. आपलं सांगू नको. आन इंदे, मनी आण शे तुले, कोनले सांगानं नही. नानाले तर नहीच नही."

आण म्हणजे आमच्याकडे गंमत नव्हती. आण मोडली की जिने घातली ती मरते, यात मला तिळमात्र शंका नव्हती. आमच्या वर्गातल्या एका मुलीने आजीची आण मोडली होती आणि आजी खरोखर मेली होती. आजी नव्वदीची होती आणि दोन वर्षं अंथरुणात होती, हे मला पुष्कळ नंतर सुचलं. मी दवाखान्यात गेले. कंपाउंडरने रुपया बोटांनी उलटसुलट केला, बोटं हुंगली, आणि वहीत लिहिलं: बाळ्या, काळा, डावा कान मोडका. मालकाचं नाव सोमवारी कुत्रं समोर आल्यावर लिहू, म्हणाला. सुपारीची पूड आणि आणखी काहीबाही असलेली कागदाची पुडी त्याने माझ्या हातात ठेवली. "एकच द्यायची. पोट साफ होईल, घाबरू नका." मी ती परकराच्या नेफ्यात खोचून घरी आणली.

रविवारी भोंगा नव्हता, तरी कुत्रा वेळेवर आला. अक्काने लोण्याच्या गोळ्यात पुडी कालवली आणि त्याच्यापुढे धरली. त्याने जन्मात कधी लोणी खाल्लं नसावं. आधी त्याने अक्काकडे संशयाने बघितलं, मग एका घासात संपवलं आणि बोटंही चाटली. अक्का म्हणाली, "आते त्याना मांगे जाय आन देख, पोट साफ व्हस का नही." हे असलं काम कोणाला आवडेल? पण मी निघाले. तो सरळ रस्ता ओलांडून काकूंच्या परसात गेला. मी कुंपणाच्या फटीतून बघते तर काकू पाटावर बसून केळं कुस्करताहेत, आणि शेजारी तशीच कागदाची पुडी. पुडी उघडली, केळ्यात ओतली, "घे रे मोत्या, घे माह्या राजा." मी फटीतून "काकू!" असं ओरडले असेन, कारण त्या दचकल्या आणि उठून आल्या. माझा दंड धरला. "पाह्यलं का तू? आता कोनाले सांगशीन त माही आन हाये तुले. यांच्या कानावर गेलं त मले घरात ठेवनार नाही." काकूंचे यजमान कापसाचे दलाल, फार कडक.

आता माझी काय दशा झाली बघा. काकूंना थांबवायचं तर अक्काची पुडी सांगावी लागते, म्हणजे अक्का मरते. अक्काकडे धावत जाऊन सांगावं तर काकू मरतात. मी तशीच उभी. माझ्या डोळ्यांदेखत त्याने केळं खाल्लं. मी मनाची समजूत घातली की दोन पुड्यांनी जंत दुप्पट मरतील, वाईट काय त्यात?  तिथून तो मास्तरांकडे गेला. मास्तरांच्या दाराला आतून कडी होती, आत काय झालं मला दिसलं नाही. बऱ्याच वेळाने तो ओठ चाटत बाहेर आला. मग नाना त्या दिवशी कधी नव्हे ते सकाळीच शेतावरून परतले. मी ओट्यावरून बघितलं, गाडी गल्लीच्या तोंडाशी जरा थांबली, नानांनी इकडे तिकडे पाहिलं, खाली वाकून फुकट्याला काहीतरी टाकलं, आणि मग गाडी घरी आली. मला वाटलं, गूळ असेल. गूळ होताच.

दुपारी ऊन तापलं आणि समोरच्या लिंबाखाली कोणीतरी ओरडलं. मी धावत गेले. कुत्रा आडवा पडला होता. सगळं अंग लटलट कापत होतं, डोळे फिरले होते, तोंडातून फेस येऊन माती ओली झाली होती. माणसं जमा झाली, पण दहा हात लांबून. "पिसायना!" एक जण म्हणाला. "पिसायना रे, पिसायना! पोरंसले घरमा ल्या!" दारं धडाधड लागली. कोणी म्हणालं, कमिटीच्या माणसाला बोलवा, कोणी म्हणालं, तो येईतो हा चार जणांना चावेल. काठ्या बाहेर आल्या. नानाही काठी घेऊन आले. मी त्यांचा चेहरा बघितला. तो मला अजून दिसतो. ते मारायला आले होते, आणि त्यांच्याच्याने मारवत नव्हतं. काकू दारात पदर तोंडाशी धरून उभ्या. मास्तर चष्मा पुसताहेत. अक्का ओट्याच्या कडेला. आता कळतं की त्यातल्या प्रत्येकाला वाटत होतं, आपण तर एकच पुडी दिली, एका पुडीने असं होत नाही, म्हणजे हा खरंच पिसाळला. आणि एक पुडी दिली हे तरी चारचौघांत कोण सांगणार? एकट्या मला ठाऊक होतं की पुडी एक नव्हती.

काठी वर गेली. नानांची नव्हे, शेजारच्या कोणाची तरी. मी अक्काकडे बघितलं. मला तिचं मढं दिसत होतं, खोटं नाही सांगत, हळदीचं बोट लागलेलं तिचं कपाळसुद्धा दिसलं. मी रडत होते. पण मी त्या कुत्र्याच्या अंगावर जाऊन पडले आणि ओरडले, "पिसाळला नाही तो! त्याला औषध दिलंय! अक्कानी पुडी दिली आणि काकूंनीपण दिली! दोन दिल्या!"

 काठी होती तिथेच राहिली. काकूंनी दार लावून घेतलं. मास्तरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, काढला, परत चढवला, आणि फार हळू म्हणाले, "दोन नाहीत. तीन. मीही... दुधातून." माणसांत कुजबूज झाली, एक जण फिस्सकन हसलाही. मग नानांनी आपली काठी भिंतीला टेकवून ठेवली. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "चार," ते म्हणाले. "मीबी दिधं." आणि लगेच गरजले, "काय देखी ऱ्हायनात बठ्ठा? गाडी जोडा!"

बैल सावलीला बांधले होते, ते परत जुंपले. सरकीच्या पोत्यांवर कुत्र्याला घातलं. त्याचं डोकं अक्काने मांडीवर घेतलं. अक्का गाडीत चढली हीच गल्लीला मोठी नवलाई, कारण ती देवळापलीकडे कुठे जात नसे. मास्तर गाडीच्या बाजूने चालत, छत्री गाडीवर धरून. सावली नेमकी बैलांच्या शेपटीवर पडत होती. नाना बैलांवर ओरडत होते, बैलांचा काही गुन्हा नसताना. मी अक्काच्या कुशीला बसून तिच्याकडे सारखी बघत होते, मरण कुठून सुरू होतं ते कळावं म्हणून. शेवटी न राहवून विचारलं, "अक्का, तुला कुठे दुखतंय का?"

"कशाले दुखी मले?"

"मी तुझी आण मोडली."

तिने माझ्याकडे बघितलं.  मग म्हणाली, "म्हणजे कुत्राकरता तू मले माराले निंघनी व्हतीस?" मी मान हलवली. दुसरं काय करणार, खरंच होतं. अक्का हसली. पोट धरून हसली, कुत्र्याचं डोकं तिच्या मांडीवर हिंदकळलं. आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिने पुसलं नाही. "चांगलं करं," ती म्हणाली. "मी इतल्यात मरत नही, माय. तुन्या काकूनंबी काही व्हत नही. आते रडू नको." एवढं बोलून तिने माझं डोकं दुसऱ्या मांडीवर ओढून घेतलं. एका मांडीवर कुत्रा, एका मांडीवर मी. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच झोपले असते.

रविवार म्हणून दवाखाना बंद होता, पण डॉक्टर मागच्याच खोल्यांत राहत. ते गंजीफ्रॉकवर बाहेर आले, हाताला वरणभात लागलेला. कुत्र्याची पापणी उलटली, किती दिलं विचारलं, आणि नानांनी चार बोटं दाखवल्यावर त्यांनीही चार बोटं वर करून खात्री करून घेतली. मग धावपळ. एक सुई टोचली, कंपाउंडरला उठवलं, काळा चहा करून चमच्या-चमच्याने पाजायला सांगितला. अक्का व्हरांड्यात फरशीवर बसून पाजत राहिली. अर्धा बाहेर, अर्धा आत. तासभर हेच चाललं. उन्हं उतरायला लागली तेव्हा अंगाची लटलट कमी झाली, मग थांबली, आणि मग कुत्रा उठून बसला आणि डॉक्टरांच्या नव्या चपलेवर ओकला. "जगला," डॉक्टर म्हणाले, आणि चप्पल धुवायला गेले.

परत आले ते वही घेऊनच. पानं उलटली आणि त्यांच्या मिशा हलायला लागल्या. "हे बघा. बाळ्या, काळा, डावा कान मोडका. मोत्या, काळा, डावा कान मोडका. विक्रम. फुकट्या. मला वाटलं, धुळ्यात कुत्र्यांची नवीन जात निघाली!" मास्तर खाली बघू लागले. नाना छताच्या वाशांकडे बघू लागले. "बरं," डॉक्टर म्हणाले, "तपासणी झालीच आहे, बिल्ला आत्ताच देतो. एका कुत्र्याला मालक एक. कोण?"

 मास्तरांनी घसा साफ केला. "माझी बदली कधीही होऊ शकते. शिवाय खोली भाड्याची. घरमालक..."  काकूंचं नाव घेण्यात अर्थ नव्हता, त्यांच्या घरात आधीच काय चाललं असेल कोण जाणे. राहिले नाना. नानांच्या कपाळावर घाम होता. कापसाच्या बाजारात सगळ्यांसमोर त्यांनी गळ्यात पट्टा बांधून भुंकायची भाषा केली होती. आता वहीत नाव लागलं की बाजार त्यांना भुंकायला लावल्याशिवाय सोडणार नव्हता, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी वहीकडे पाठ फिरवली. मला त्यांचा राग आला, तेव्हा फार आला. आज तेवढा येत नाही. माणूस मायाळू असून भित्रा असू शकतो.

"मालक नसेल तर मी बेवारशी लिहितो," डॉक्टर म्हणाले. त्यांचं हसणं संपलं होतं. "आणि बेवारशी कुत्र्याचं परवापासून काय होतं, ते तुम्ही ऐकलंय."

अक्का बाहेरच्या माणसाशी कधी बोलत नसे. बोलायचं झालं तर माझ्याकरवी. तिने पदर पुढे ओढला आणि सुरुवातही तशीच केली, "इंदे, डाक्टरले सांग..." आणि थांबली. कुत्र्याचं डोकं मांडीवरून खाली ठेवलं, उठून उभी राहिली आणि सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाली, "डाक्टर, लिखा. हाई मनं कुत्रं शे."

डॉक्टरांनी टाक बुडवला. "नाव?"

"गेंदाबाई."

मी नानांकडे बघितलं, कारण मला क्षणभर कळेना की ही कोणाचं नाव सांगते आहे. जन्मल्यापासून मी त्या बाईच्या हातचं खात होते आणि तिला एक नाव आहे हे मला त्या व्हरांड्यात कळलं. कोणी तिला त्या नावाने हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

"गेंदाबाई कोण? नवऱ्याचं नाव सांगा."

"तो तं कव्हाच गया. त्याना काय संबंध? भाकर मी देस."

"मग वडिलांचं? का भावाचं लिहू? भाऊ उभेच आहेत."

नानांनी मान डोलावली, सुटल्यासारखी. अक्काने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "नही," ती म्हणाली. "भाऊनं घर शे, भाऊनं वावर शे, भाऊना बैल शेतस. कुत्रं मनं शे."

डॉक्टरांनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. मग त्यांनी लिहिलं. मी पुढे होऊन वाचलं, उलट्या बाजूने वाचलं तरी अक्षर मोठं होतं: मालक, गेंदाबाई. त्यापुढे काही नाही. कंपाउंडरने शाईची डबी पुढे केली आणि अक्काने अंगठा उठवला. उठवून झाल्यावर ती त्या ठशाकडे वाकून बघत राहिली, शाई वाळेपर्यंत.

परत येताना कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला होता, आणि नाना गाडी हाकत होते. गल्ली जवळ आल्यावर मागे न वळता म्हणाले, "अक्का, दरसालना रुपया मी देत जासू. कोनले सांगू नको, म्हणजे झालं."

"नको," अक्का म्हणाली. "मनं शे, मी देसू."

पुढच्या उन्हाळ्यात दवंडी व्हायच्या आधीच एका सकाळी तिने हात धुतले, धुवट लुगडं नेसली, पायात वहाणा घातल्या आणि कुत्र्याच्या गळ्यात सुतळी बांधली. दवाखाना म्हणजे अर्धं गाव ओलांडून जायचं, बाजारातून, बाप्यांच्या नजरेसमोरून. मी दप्तर टाकलं आणि म्हटलं, "अक्का, पैसे दे, मी जाऊन येते. तू कशाला?"

"तू कशाले?" ती म्हणाली. "मालक मी शे." आणि ती एकटी, भर रस्त्याच्या मधून, कुत्र्याला घेऊन निघाली.